पंखाला काना

बदली तासाला वर्गावर जाणे हा मास्तरकीतला सर्वांत अवघड प्रसंग. मी मराठी शिकवतो, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि माझे गणित मॅट्रिकच्या वेशीपाशीच थांबलेले आहे. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे अशा माणसाला आठवीच्या वर्गावर धाडले, तेव्हा विमानाचा धडा मोठ्याने वाचून दाखवावा आणि घंटेची वाट पाहावी, एवढाच माझा बेत होता. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, विमानाचा पुढचा पंखा उलटा बसवला, म्हणजे त्याची पुढची बाजू मागे करून बसवला, तर विमान मागे जाईल का?"

"जाईल की! न जायला काय झाले?" मी ऐटीत सांगून टाकले.

ती खाली बसली, पण पटल्याचे चिन्ह काही चेहऱ्यावर दिसेना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. हातात एक बोल्ट आणि त्याचा नट. तिच्या वडिलांचे गॅरेज आहे. तिने नट बोल्टावर फिरवून दाखवला. मग काढला, पालथा केला आणि पुन्हा फिरवला. दोन्ही वेळा तो उजवीकडे फिरवल्यावरच आवळला गेला.

"सर, पंखापण असाच असेल ना?"

असाच असतो. ज्या आट्याचा तो कोरला, तो आटा पालथे केल्याने बदलत नाही. पालथा बसवलेला पंखा विमानाला पुढेच ओढतो. फक्त त्याची फुगीर बाजू चुकीच्या अंगाला गेल्यामुळे वाईट ओढतो. मी वर्गात जाऊन माझी चूक कबूल केली. पोरांनी ती आनंदाने मान्य केली. मास्तर चुकल्याचा आनंद केवढा मोठा असतो, हे ज्यांनी कधी बाकावर बसून अनुभवले असेल, त्यांना वेगळे सांगायला नको.

तेव्हापासून या पंख्याने माझा पिच्छा पुरवला. मिळेल ते वाचीत गेलो, आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या एका खेडेगावात जाऊन पोचलो. पण तिथे नेण्यापूर्वी वाचकांना मला माझ्या मामाच्या गिरणीत न्यायचे आहे. तिथून गेल्याशिवाय ही वाट नीट समजत नाही.

मामाचे गाव कृष्णाकाठी. त्याची पिठाची गिरणी होती आणि ती तेलाच्या जुन्या इंजिनावर चालायची. ते इंजिन म्हणजे म्हातारा पैलवान. एकेक ठोका सावकाश टाकायचे, पण टाकला की जोते हादरायचे. लहानपणी सुट्टीत आम्ही त्याच्या ठोक्यावर झोपी जात असू. एका वर्षी ते कायमचे बसले, तेव्हा मामाने भंगारात निघालेल्या एका जीपचे इंजिन आणले. कागदावर ते जुन्यापेक्षा कितीतरी जोरकस होते. मामाने जुनीच पुली त्याला बसवली, पट्टा चढवला आणि नारळ फोडून गिरणी सुरू केली. जात्यात दाणे पडताच इंजिनाला धाप लागली आणि ते गप्प झाले. पुन्हा सुरू केले, पुन्हा गप्प. चार दिवस हाच खेळ. गिऱ्हाईक डबे उचलून दुसऱ्या गिरणीत जाऊ लागले. इंजिनासाठी मामाने मामीच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. त्यामुळे घरात त्या दिवसांत कोणी मोठ्याने बोलत नसे.

पाचव्या दिवशी शेजारच्या गावचा मिस्त्री आला. इंजिनाला त्याने हातही लावला नाही. पुलीवर वीत टाकली आणि म्हणाला, "इंजिन वाईट न्हाई मामा. पुली वाईट हाय."

गंमत अशी होती की जीपच्या इंजिनाचा जोर भरभर फिरण्यात. त्याला मोठी पुली लावून सावकाश फिरायला भाग पाडले की त्याच्यातला जोर कागदावरच राहायचा. मिस्त्रीने आधी फार लहान पुली लावून पाहिली. तेव्हा इंजिन किंचाळू लागले आणि पीठ मात्र चिमटीचिमटीने पडू लागले. मग मधली लावली. ती बसली. जाते आणखी जोरात पळवावे असे मामाच्या मनात आले, तर मिस्त्री म्हणाला, पीठ जळेल.

पुली वाईट हाय, हे एक वाक्य ध्यानात ठेवून आता आपण साता समुद्रांपलीकडे जाऊ.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचे एक लहानसे खेडे आहे. तिथे बर्नार्ड पीटनपॉल नावाचा एक गृहस्थ गाड्या दुरुस्त करी. जन्म १९०१ चा. विमानविद्येचे शिक्षण म्हणाल तर शून्य. जे शिकला ते आपले आपण. या माणसाने १९२८-२९ च्या सुमारास लाकूड, कापड, तारा आणि फोर्ड मोटारीचे इंजिन एवढ्या भांडवलावर दोन माणसांचे विमान तयार केले. पंख डोक्यावर छत्रीसारखा, बसायला दोन उघड्या जागा, एकामागे एक. नाव ठेवले 'एअर कॅम्पर'. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे सहाशे पौंड.

त्या वेळी विमानाचे खास इंजिन घ्यायचे तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. महायुद्धातली उरलेली इंजिने स्वस्तात मिळत, पण ती जड आणि जुनाट. उलट फोर्डची 'मॉडेल ए' मोटार १९२७ च्या अखेरीस बाजारात आली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे अठ्ठेचाळीस लाख गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या. इंजिन चार सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, २,२०० फेऱ्यांना चाळीस अश्वशक्ती देणारे. प्रत्येक गावात त्याचे सुटे भाग आणि प्रत्येक गावात ते उघडून जोडणारा एखादा तरी हात.

मोठी मौज अशी, की खुद्द हेन्री फोर्डलाही घरोघरी विमान पोचवण्याचे स्वप्न पडले होते. १९२६ साली त्याच्या कारखान्याने एक चिमुकले एकआसनी विमान बनवले. लोकांनी त्याला 'फ्लिव्हर' म्हटले, म्हणजे आपल्या भाषेत खटारा, पण लाडाने. हॅरी ब्रुक्स हा तरुण वैमानिक ते उडवी. फेब्रुवारी १९२८ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो विमानासह समुद्रात पडला आणि गेला. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवा जाण्यासाठी ठेवलेल्या छिद्रात लाकडी काडी खोचलेली सापडली. ओल आत जाऊ नये म्हणून कोणी ती घातली असेल. काडीएवढ्या गोष्टीने एक तरुण गेला आणि फोर्डने तो नाद सोडला. पैसा, कारखाना, इंजिनियर हे सारे ज्याच्याजवळ होते त्याच्या हातून जे झाले नाही, ते त्याच्याच मोटारीचे इंजिन उचलून खेड्यातल्या एका मेकॅनिकने केले.

पण लोक मानायला तयार नव्हते. 'मॉडर्न मेकॅनिक्स' मासिकाचे संपादक वेस्टन फार्मर यांचे मत असे, की मोटारीची इंजिने विमानाच्या कामाची नाहीत. मत अगदीच निराधार नव्हते. मोटारीचे इंजिन जड असते. विमानाचे इंजिन तासन् तास जवळजवळ पूर्ण जोराने चालवावे लागते, तर मोटारीचे इंजिन बहुतेक आयुष्य निम्म्या जोरावर काढते. आधी कित्येकांनी हा उद्योग करून हात पोळून घेतले होते. पीटनपॉलने वाद घातला नाही. १९३० साली तो आणि त्याचा एक साथीदार अशी दोन विमाने घेऊन ते मिनियापोलिसजवळच्या मैदानावर उतरले. संपादकांनी पाहिले, आणि मग त्यांनीच या विमानाचा पुरस्कार केला. १९३२ च्या 'फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल'मध्ये त्याचे नकाशे छापून आले. मंदीचे दिवस, हाताला काम नाही, खिशात पैसा नाही. आणि अशा काळात कोठारातून, पडवीतून लोक विमाने बांधू लागले. मत बदलून ते छापणारा संपादक मला फार मोठा वाटतो. मी स्वत: लिहून पोट भरायचा प्रयत्न केलेला माणूस आहे, म्हणून हे खास नमूद करतो.

आता प्रश्न असा, की आधीचे पडले आणि हा उडाला, यात फरक कशाचा? सगळे इंजिनाकडे बोट दाखवतात. माझे बोट पंख्याकडे आहे. फोर्ड इंजिनाला कोणता पंखा पेलेल, आणि पंख्याला कोणते इंजिन पेलेल, हा हिशोब ज्याला जमला त्याचे विमान उडाले.

या हिशोबाचा उगम शोधायचा तर आणखी पंचवीस वर्षे मागे, राइट बंधूंकडे जावे लागते. त्यांनी १९०२ च्या अखेरीस हलक्या इंजिनासाठी मोटार बनवणाऱ्या कितीतरी कंपन्यांना पत्रे लिहिली. एकाकडूनही हवे तसे इंजिन मिळाले नाही. तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातला चार्ल्स टेलर या कारागिराने सहा आठवड्यांत सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन घडवले. इंजिनाचे काम असे वाटले त्यापेक्षा सोपे गेले. घोडे अडले ते पंख्यापाशी. त्यांना वाटले होते, जहाजांना पंखे लावून इतकी वर्षे झाली, त्याचे शास्त्र ग्रंथालयात आयते मिळेल. डेटनच्या ग्रंथालयातली पुस्तके पालथी घातली, पण उपयोगी पडेल असे काही नाही. जहाजवाले पंखा लावून पाहात, नाही जमला तर दुसरा लावीत. शास्त्र असे नव्हतेच.

दोघे भाऊ रात्र रात्र वाद घालीत बसत. शेवटी व्हायचे असे, की विल्बरचे म्हणणे ऑर्व्हिलला पटलेले आणि ऑर्व्हिलचे विल्बरला, म्हणजे भांडण होते तिथेच, फक्त बाजू बदललेल्या! या भांडणातून एक गोष्ट निघाली. विमानाचा पंखा म्हणजे हवेला मागे ढकलणारे वल्हे नव्हे, किंवा नुसता स्क्रूही नव्हे. तो पंखच आहे. विमानाचा पंख सरळ पुढे जातो, हा गोल गोल फिरत पुढे जातो, एवढाच फरक. पंखाला वर उचलणारा जोर मिळतो, यालाही मिळतो. फक्त याचा जोर पुढच्या दिशेला असतो.

हे वाचले तेव्हा मी क्षणभर पुस्तक मिटून बसलो. मराठीत आपण काय म्हणतो? पंख आणि पंखा. पंखाला एक काना दिला की पंखा होतो. राइट बंधूंना जे हिवाळाभर भांडून सापडले, ते आपल्या बाराखडीत पडून होते. यावरून आपल्याकडे सगळेच आधीपासून होते, असे म्हणण्याचा मोह कित्येकांना होईल. मला होत नाही. काना आपण दिला होता, हिशोब त्यांनी केला.

हिशोबही कसा, तर स्प्रूसच्या फळ्या एकमेकींवर चिकटवून, कुऱ्हाडीने आणि ओढरंध्याने तासून, साडेआठ फुटांचे दोन पंखे त्यांनी कोरले. इंजिन मिनिटाला हजारावर फेऱ्या मारी. पंख्यांना ते साडेतीनशेच्या आसपासच फिरू देत. मध्ये सायकलसारखी साखळी आणि दात्यांची चाके: लहान चाकाला आठ दाते, मोठ्याला तेवीस. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरले तर विमान कलेल, म्हणून एका साखळीला पीळ देऊन तिला आठाच्या आकड्यासारखी घातली. आमच्या मामाच्या गिरणीत पट्ट्याला असाच पीळ देत. पंख्यांचे पोकळ दांडे मोडले, तर ऑर्व्हिल डेटनला जाऊन भरीव दांडे करून घेऊन आला. दात्यांची चाके दांड्यावर ढिली होऊ लागली, तर सायकलचे टायर चिकटवण्याचा सिमेंटसारखा लेप त्यावर ओतला. १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण झाले. बारा सेकंद, एकशे वीस फूट. बारा अश्वशक्तींत ते उडाले याचे श्रेय मी त्या दोन लाकडी पंख्यांना देतो. त्याहून जोरकस इंजिने त्या काळी इतरांजवळ होती. ती जमिनीवरच राहिली.

राइट बंधूंचा धडा एका वाक्यात असा: पंखा लांब असावा आणि सावकाश फिरावा. थोडी हवा फार जोराने मागे फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा हळू मागे सारणे कमी खर्चाचे. पण मोटारीचे इंजिन याच्या नेमके उलट मागते. त्याचा जोर वेगात आहे. तेव्हा एकाने सावकाश फिरायला हवे, दुसऱ्याने भरभर, आणि दोघांचा संसार एकाच दांड्यावर. लग्न जुळवणाऱ्यांना ही अडचण नवी नाही.

राइट बंधूंनी मध्ये साखळी घातली. पीटनपॉलने काहीच घातले नाही. पंखा थेट इंजिनाच्या दांड्याला. साखळी आली की वजन आले, तुटण्याची भीती आली, खर्च आला. पण हे त्याला साधले ते फोर्डच्या स्वभावामुळे. मॉडेल ए चे इंजिन मोटारीचे असूनही सावकाशीचे होते. सिलिंडर मोठे, ओढ खालच्या फेऱ्यांतच भरपूर. मामाच्या म्हाताऱ्या पैलवानाच्या कुळातले! विमानात ते १,८०० च्या आसपास फिरे. तेवढ्या फेऱ्यांत चाळीसांपैकी सगळे घोडे हाती लागत नसत, चार-दोन तबेल्यातच राहात. ते सोडून द्यायचे. त्यांच्या बदल्यात पंखा लांब लावता येई. संपादक घोडे मोजत होते, आणि पीटनपॉल काही घोडे आपखुशीने सोडून देत होता.

आता मास्तरकीची खोड म्हणून थोडे त्रैराशिक मांडतो. कंटाळा येईल त्यांनी हा भाग सोडून चिवड्याकडे वळावे.

पंख्याला दोन मापे असतात. एक लांबी, टोकापासून टोकापर्यंत. दुसरे, एका फेऱ्यात तो स्क्रूसारखा किती पुढे सरकेल ते अंतर. याला कारागीर 'पिच' म्हणतात, मी 'मजल' म्हणतो. फोर्डच्या इंजिनाला ७६ इंच लांब आणि ४८ इंच मजल, असा किंवा याच्या आसपासचा पंखा लावण्याचा प्रघात पडला. मजल ४८ इंच म्हणजे चार फूट. मिनिटाला १,८०० फेऱ्या, म्हणजे मिनिटाला ७,२०० फूट, म्हणजे ताशी सुमारे ८२ मैल. हवा काही लाकूड नव्हे, तिच्यात आटे घसरतात. तेव्हा त्याहून थोडा कमीच वेग विमानाला मिळायचा. एअर कॅम्परसारख्या उघड्या, तारांनी बांधलेल्या विमानाला तेवढाच झेपत होता. दीडशे मैलांची मजल कोरली असती तर विमान दीडशेने गेले नसते, इंजिनाला धाप लागली असती. मोठी पुली!

मजल कमी केली तर? इंजिन हलके फिरते, विमान लवकर उचलते, शेताच्या टोकाची झाडे ओलांडते. पण वर गेल्यावर इंजिन उगाच किंचाळते आणि विमान रेंगाळते. लहान पुली. म्हणून बांधणाऱ्याला आधी स्वत:ला विचारावे लागते, माझे शेत किती लांब, आणि त्याच्या टोकाला काय आहे? ज्याच्या शेताला उंच झाडे त्याने थोडा वेग सोडावा. ज्याने हट्टाने वेगाचा पंखा लावला आणि झाडे विसरला, त्याची गोष्ट सांगायला पुष्कळदा दुसऱ्याच कोणाला यावे लागले.

राहिली लांबी. ७६ इंची पंख्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे वीस फूट जाते. सेकंदाला तीस फेऱ्या, म्हणजे सहाशे फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला अकराशे फुटांच्या थोडा वर. म्हणजे टोक ध्वनीच्या निम्म्या वेगाने चालले आहे, सुखाने. हाच पंखा मिनिटाला ३,४०० फेऱ्या मारणाऱ्या इंजिनाला लावा. टोक ध्वनीला गाठते. तिथे गेले की हवा नीट वाहात नाही, आरडाओरडा होतो आणि जोर वाया जातो. पीठ जळेल, असे मिस्त्री म्हणाला होता, ते हेच. म्हणून युद्धानंतर युरोपात ज्यांनी फोक्सवॅगनचे इंजिन थेट पंख्याला जोडले, त्यांना भरभर फिरणाऱ्या त्या इंजिनापायी पंखा पाच फुटांच्या आत, कित्येकदा साडेचार फुटांवर आणावा लागला. आखूड पंखा, म्हणून ओढ बेताची, म्हणून विमानही लहान, बहुधा एकट्याचे. शिवाय त्या इंजिनाच्या पुलीच्या टोकाला पंखा बसवला तर तो वैमानिकाच्या बाजूने पाहता उलट्या दिशेने फिरतो, आणि नेहमीचा पंखा चालत नाही. डाव्या आट्याचाच कोरून घ्यावा लागतो. इथे आमच्या विद्यार्थिनीचा नट मला पुन्हा आठवला.

फोर्डच्या बाबतीत पीटनपॉलने केलेली एक गोष्ट मला त्याच्या पंख्याइतकीच आवडते. मोटारीत इंजिनाच्या दांड्याला फक्त पीळ सोसावा लागतो. विमानात पंखा त्या दांड्याला धरून अख्खे विमान ओढतो, म्हणजे दांडा इंजिनातून पुढे उपसून काढू पाहतो. फोर्डच्या दांड्याला ही ओढ सोसेल असे बेअरिंग एकच, मागचे, गतिचक्राच्या बाजूचे. म्हणून त्याने इंजिनच फिरवून बसवले: मोटारीतली मागची बाजू विमानात पुढे आली. गतिचक्र काढून टाकले, त्याच्या जागी पंखा. तोच गतिचक्राचे काम करी. आणि फिरण्याची दिशाही आपोआप विमानांना सवयीची तीच राहिली. पाणी थंड करणारा रेडिएटर मात्र इंजिनाच्या वर, वैमानिकाच्या तोंडासमोर उभा. त्याच्या आजूबाजूने डोकावीत विमान चालवायचे. देखणे नव्हते. पण मिनेसोटाच्या थंडीत तोंडाला ऊब लागत असेल, असे मला आपले वाटते.

पंखा कोरण्याचे काम कसे चाले, तेही सांगण्यासारखे आहे. सुतारकाम पाहात वाढलेल्या माणसाला त्यात परके काही नाही. एकसारख्या रेषांच्या, गाठ नसलेल्या फळ्या निवडायच्या, सरस लावून शिकंज्यात आवळायच्या, एकेक फळी थोडी फिरवून पायऱ्यांसारखी मांडायची. मग पायऱ्या तासून उतार काढायचा. ठरावीक अंतरावर पत्र्याचे साचे लावून पाहायचे, उजेड दिसतो का. दोन्ही पाती तंतोतंत सारखी हवीत. शेवटी मधल्या भोकात सरळ दांडा घालून तो दोन धारांवर ठेवायचा. जे पाते खाली झुकेल ते जड. तिथे रंधा नव्हे, पॉलिश-कागद. तरीही झुकले, तर हलक्या पात्याला व्हार्निशचा आणखी एक हात. पंखा आडवा, उभा, तिरपा, कसाही ठेवला तरी तिथेच थांबला की झाले. मिनिटाला अठराशे फेऱ्यांत तोळ्याभराचा फरकही इंजिनाचे खिळे ढिले करतो.

आणि मग परीक्षा. विमानाची शेपटी दोराने खुंटाला बांधायची, मध्ये वजनाचा स्प्रिंगकाटा, आणि इंजिन पूर्ण सोडायचे. किती ओढले, किती फेऱ्या झाल्या, लिहून घ्यायचे. यातही एक फसगत आहे. जो पंखा खुंटाला बांधून सर्वांत जास्त ओढतो, तो आकाशात सर्वांत चांगला असतोच असे नाही. जागेवर उभ्या विमानाच्या पंख्याला हवा एका कोनातून भेटते, पळत्या विमानाच्या पंख्याला दुसऱ्या. कित्येकजण काट्यावरचा आकडा पाहून खूश झाले आणि वर गेल्यावर हिरमुसले. वर्गात पहिला येणारा मुलगा आठवून पाहा.

मॉडेल ए चे इंजिन नवीन असताना महागच होते. भंगारात सहज मिळावे इतके ते जुने झाले नव्हते. म्हणून पीटनपॉलने आणखी जुन्या मॉडेल टी च्या इंजिनावर एका माणसाचे 'स्काय स्काउट' विमान केले. वीस अश्वशक्ती! पुढे १९६० च्या सुमारास शेव्हरोलेच्या कॉर्व्हेर मोटारीचे हवेने थंड होणारे सहा सिलिंडरी इंजिन आले, तेव्हा साठीला टेकलेल्या या माणसाने तेही आपल्या विमानाला लावून पाहिले. नवे इंजिन, म्हणजे पंख्याचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. आता तर मोटारींची इंजिने पाच-सहा हजार फेऱ्यांची झाली आहेत. सुबारूसारखी इंजिने विमानाला लावणारे लोक इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये दातेरी चाके किंवा दातेरी पट्टा घालतात. पट्टा, आणि दोन पुल्या. एक लहान, एक मोठी. अखेर गिरणीतच आले!

पीटनपॉल १९८४ साली वारला. चेरी ग्रोव्हमधली त्याची कामाची जागा त्याच्या हयातीतच अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत लागली, आणि त्याचे विमान ठेवण्याचे कोठार उचलून विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला नेऊन उभे केले आहे. त्याच्या नकाशांवरून एअर कॅम्पर अजून बांधली जातात. त्यांतल्या काहींत अजून फोर्डच फिरतो.

गेल्या दिवाळीला मामाकडे गेलो होतो. तो आता ऐंशीच्या पुढे आहे. गिरणी केव्हाच विजेवर गेली. जीपची ती मधली पुली अंगणात पडलेली असते आणि मामी तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवते. फराळ करता करता मी मामाला ही सगळी हकीकत सांगितली. तो मध्ये बोलला नाही. मला वाटले, डुलकी लागली. मी उठायला लागलो, तसे त्याने डोळे उघडले.

"पंखा किती लांब म्हणालास?"

"७६ इंच, मामा. सव्वासहा फुटांच्या थोडा वर."

मामा काठी टेकीत उठला, दारापाशी गेला आणि काठीने चौकट मापू लागला. उंबऱ्यापासून वर, मग पुन्हा एकदा खालून. मापून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला,

"मग घरातून बाहेर काढताना तिरका धरला असणार त्यानं."